परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज करताना

शिष्यवृत्तीवर ब्रिटनला शिकून परभणीला परतले, तेव्हापासून दरवर्षी जुलै उजाडला की फोन सुरू होतात : "ताई, चेव्हनिंगचं काय करायचं?" बहुतेक मुलंमुली घरातली पहिलीच पदवीधर. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते.

१. रक्कम नंतर बघा, अटी आधी वाचा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो. अमेरिकेला नेणाऱ्या फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्ससाठी तीन वर्षांचा. केंद्र सरकारच्या, अनुसूचित जाती आणि इतर वंचित गटांसाठीच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आहे आणि २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले गेले. ज्यांच्या घराण्यांनी जात सोसली, त्यांनाच तिचा अभ्यास परदेशात करण्यापासून अडवणारा हा निर्णय मला अन्यायकारक वाटतो. पण अर्ज करणाऱ्याला तो माहीत हवाच. टाटांच्या १८९२ पासूनच्या जे. एन. टाटा एंडोमेंटची मदत कर्जाऊ असते, फेडावी लागते. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन याच मदतीवर लंडनला शिकले.

२. नाव तपासा. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. मुलं फॉर्म भरताना तोच क्रम उतरवतात आणि आडनाव पहिल्या नावाच्या रकान्यात जातं. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. ऑफर लेटर भलत्याच नावाने आलं की व्हिसाच्या वेळी धावपळ होते. पासपोर्ट आधी काढा, सगळीकडे त्याच्याप्रमाणेच नाव लिहा, आणि दुरुस्ती करायची असेल तर अर्जाच्या कितीतरी आधी सुरुवात करा. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, हेही लक्षात ठेवा.

३. "तूच लिहून आण, मी सही करतो," असं प्राध्यापक म्हणतील. तसं करू नका. तुमचा निबंध आणि तुमचंच शिफारसपत्र एकाच हातचं आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. त्याऐवजी सरांना एक पानाचं टिपण द्या : त्यांच्याकडे कोणता प्रकल्प केला, वर्गात कोणता प्रश्न विचारला होता, कुठे जायचं आहे, शेवटची तारीख कोणती. नुसती मोठ्या हुद्द्याची व्यक्ती शोधू नका. तुम्हाला न ओळखणाऱ्या कुलगुरूंपेक्षा तुमचा प्रबंध दोनदा तपासणारी व्याख्याती बरी.

४. निबंधातच सगळं ठरतं, आणि आपली मुलं तिथेच कमी पडतात. अनुभव कमी असतो म्हणून नव्हे; तो लिहायचा संकोच वाटतो म्हणून. बीडकडच्या एका मुलीने लिहिलं होतं, "लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे आणि आम्ही शिक्षणक्षेत्रात तळमळीने काम केलं." मी विचारलं, तू स्वतः काय केलंस? मग हळूहळू सांगू लागली. ऊसतोडीला जोड्या निघायच्या आधी ती घरोघर जायची, पोरांना आजीजवळ ठेवायला आईबापांना राजी करायची, हंगामी वसतिगृहासाठी मुख्याध्यापकांकडे खेटे घालायची. यातली एक ओळही निबंधात नव्हती! स्वतःचं काम सांगणं म्हणजे बढाई मारणं, असं आपल्याला घरी शिकवलेलं असतं. निवड समितीला मात्र "आम्ही" मधून तुम्ही दिसत नाही. कोणतं गाव, कोणाचा विरोध, तुम्ही काय ठरवलं, त्यानंतर काय बदललं, हे लिहा. मग तोच अभ्यासक्रम का हवा, हे त्या कामातून आपोआप निघालं पाहिजे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची स्तुती त्यांनाच परत पाठवू नका.

५. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, जीआरईचा पाच. अर्जाचं शुल्क परवडत नसेल तर माफीसाठी विद्यापीठाला सरळ ईमेल करा. अनेक विद्यापीठं देतात. मागण्यात कमीपणा नाही.

६. पैसे किती काळ पुरतील आणि बदल्यात काय द्यायचं, हे सही करण्याआधी समजून घ्या. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तेही संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. १९१७ मध्ये मुदत संपली तेव्हा लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, डी.एस्सी. १९२३ मध्ये मिळाली. आजही चेव्हनिंगवर गेलेल्याने शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहायचं असतं. घरच्यांना हे आधीच सांगा.

आणि ज्यांची निवड झाली आहे, त्यांना एक विनंती. आपला अर्ज कपाटात ठेवू नका. पुण्या-मुंबईत सल्लागार मिळतात. जिंतूर, किनवट, गेवराईत मिळत नाहीत. यंदा तिथल्या निदान एका मुलाचा किंवा मुलीचा निबंध वाचा आणि काय खटकलं ते स्पष्ट सांगा.