अडीनडीत डोके का चालत नाही?

मृगाचा पाऊस पडतो. मुकुटबनच्या शिवारात पेरणीची घाई सुरू होते. समजा, आपल्या घरी बियाण्याला पैसा नाही. दुकानाची उधारी थकली आहे. तशातच पोराला ताप येतो. अशा वेळी सावकार म्हणतो, "दहा हजार घेऊन जा. या कागदावर अंगठा दे. कापूस निघाला की मलाच आणून घाल."

आपण हो म्हणतो. व्याज किती, भाव कोणता, काही विचारत नाही. मागून लोक म्हणतात, "याला अक्कलच नाही!"

हे बोलणे खरे आहे काय? आपण तपासून पाहू.

तमिळनाडूत ऊस पिकवणारे शेतकरी आहेत. तोडणीच्या आधी त्यांचा हात तंग असतो. तोडणी झाली, पैसा आला, की हात मोकळा होतो. काही अभ्यासकांनी तिथल्या ५४ गावांतल्या ४६४ शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी आणि नंतर कोडी घातली. हा अभ्यास २०१३ साली छापून आला. त्यात काय दिसले? तोडणीच्या आधी चुका जास्त झाल्या. वेळही जास्त लागला. तोडणीनंतर त्याच शेतकऱ्यांनी कोडी चांगली सोडवली.

माणसे तीच. डोकी तीच. मग फरक कशाचा? चिंतेचा.

डोक्यावर जड भारा असला की माणसाला पायापुरती वाट दिसते. पुढचे वळण दिसत नाही. पैशाच्या चिंतेचे तसेच आहे. आजची नड दिसते, पुढचे व्याज दिसत नाही. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' असे आपण म्हणतो. हरी वेडा नव्हता, तो अडला होता.

आता हिशोब करू. समजा, सावकाराचा दर महिन्याला शेकडा ५ रुपये आहे. १०,००० रुपयांचे महिन्याला ५०० रुपये झाले. सहा महिन्यांचे ३,००० रुपये. तेच कर्ज बँकेतून वर्षाला शेकडा ७ रुपये दराने घेतले, तर सहा महिन्यांचे व्याज ३५० रुपये होते. २,६५० रुपयांचा फरक पडला! त्यातून कापूस बांधलेला. भाव आपण सांगायचा नाही, सावकाराने सांगायचा. मग पुढच्या मृगाला हात पुन्हा तंग. गरिबी अशी गरिबीला जन्म देते.

यावर उपाय काय? पाऊस आपल्या हातात नाही, बाजारभावही नाही. पण मोठा निर्णय कधी घ्यायचा, हे बरेचसे आपल्या हातात आहे.

हात मोकळा असतानाच पुढचे ठरवावे. कापूस विकला त्याच आठवड्यात बियाण्याचे पैसे बाजूला काढावेत. पीककर्जासाठी सातबारा व आठ-अ उन्हाळ्यातच काढून ठेवावे. मृगात धावपळ करू नये.

एकट्याने ठरवू नये. घरधनीण, भाऊ, शेजारी यांना विचारावे. एक रात्र जाऊ द्यावी. चार डोक्यांवर भारा वाटला की हलका होतो. बचत गट याच कामाचा आहे. दर महिन्याला थोडे थोडे टाकले, की तापाच्या औषधाला दुसऱ्याच्या दारात जावे लागत नाही. १९९२ पासून अशा गटांना बँकांशी जोडण्याचे काम नाबार्डने हाती घेतले आहे.

आणि कागद वाचावा. आता आपल्याला वाचता येते! रक्कम, दर, मुदत, तिन्ही वाचूनच सही करावी. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. परवाना पाहावा. पैसे फेडले की पावती घ्यावी. तक्रार सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकाकडे करता येते.

एक गोष्ट कचेरीतल्या लोकांनीही ध्यानात घ्यावी. अडलेल्या माणसाला दहा कागद आणि दहा खेपा सांगितल्या, तर तो सोप्या दाराकडे वळतो. ते दार सावकाराचे असते.

शेजारी अडला असेल तर त्याला मूर्ख म्हणू नका. त्याच्याजवळ बसा. त्याचा कागद त्याला वाचून दाखवा.

विचार करा
१. आपल्या घरी हात कोणत्या महिन्यांत तंग असतो?
२. ८,००० रुपयांवर महिन्याला शेकडा ३ रुपये दराने पाच महिन्यांचे व्याज किती?
३. मागे घाईत घेतलेला एखादा निर्णय आठवा. तो आज कसा घ्याल?