काळा धूर म्हणजे वाया जाणारे पेट्रोल

बाजाराला माल नेणारी जुनी पेट्रोल गाडी काळा धूर सोडू लागली, अ‍ॅव्हरेज घटले, की "इंजिन गेले" असे समजून आपण घाबरतो. पुष्कळदा इंजिन शाबूत असते. त्याला पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळत असते. १ किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १५ किलो हवा लागते. हवा कमी पडली की चूल धुमसते, तसेच इंजिनही धुमसते. मेकॅनिक यालाच ‘मिक्श्चर रिच’ म्हणतात.

आधी खात्री करा. निळा धूर ऑइल जळल्याचा. दाट पांढरा व न थांबणारा धूर सिलिंडरमध्ये पाणी शिरल्याचा. काळा धूर जादा पेट्रोलचा. मग प्लग काढून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण रिच आहे.

कार्बोरेटरच्या गाडीत पुढील क्रमाने तपासावे :

१) एअर फिल्टर : उजेडासमोर धरा. उजेड दिसत नसेल तर बदला. कागदी फिल्टर धुऊ नये.

२) चोक : इंजिन तापल्यावर चोकची पडदी पूर्ण उघडली पाहिजे. केबल गंजून अडकली असेल तर तेल द्या किंवा बदला.

३) फ्लोट व नीडल : नीडलखाली कचरा अडकला किंवा फ्लोटला भोक पडले, तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. फ्लोट काढून हलवा. आत पेट्रोल खुळखुळले तर तो बदला.

४) जेट : हवेने साफ करा. तार घालू नका. भोक मोठे होऊन पेट्रोल आणखी वाढते.

मिक्श्चरचा स्क्रू सर्वांत शेवटी, आणि तोही जाणकाराकडून. पहिले दोष तसेच ठेवून स्क्रू फिरवल्यास रोग झाकला जातो, बरा होत नाही.

इंजेक्शनच्या गाडीत कार्बोरेटर नसतो. तेथे फिल्टर पाहून झाल्यावर स्कॅनर लावून ऑक्सिजन व तापमानाचे सेन्सर तपासून घ्यावेत.

दुरुस्ती पुढे ढकलू नये. न जळलेले पेट्रोल सिलिंडरवरचे ऑइल धुऊन टाकते आणि रिंगा झिजतात. ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर दोष काढून ऑइलही बदलावे.

आरोग्याची सूचना : रिच इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू फार असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत तो जीव घेतो. म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. डोके दुखू लागले, चक्कर आली, तर माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात न्यावे. कार्बोरेटर उघडण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे, बॅटरीची वायर काढावी आणि जवळ विडी-काडी पेटवू नये.