घरगुती ध्वनिमुद्रणासाठी गिटारचा लहान ॲम्प्लिफायर

उपासनेची गीते घरीच ध्वनिमुद्रित करून मंडळीतील आजारी व दूरगावी राहणाऱ्या बंधुभगिनींना पाठविण्याची रीत आता आपल्यात चांगली रुजली आहे. पेटी, तबला व कंठ यांच्यासाठी एक बरा मायक्रोफोन पुरतो. अडते ते इलेक्ट्रिक गिटारपाशी, कारण या वाद्याला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नसतोच. तारांच्या कंपनांपासून पिकअपमधील चुंबक व वेटोळे अतिशय क्षीण विद्युत्संकेत निर्माण करतात. त्याला आवाज देणारा ॲम्प्लिफायर हा वस्तुतः त्या वाद्याचा अर्धा भाग होय. म्हणून तरुण मुलांचे आईवडील "कोणता ॲम्प घ्यावा?" असे विचारतात, तेव्हा अर्धे वाद्य निवडण्याचाच तो प्रश्न असतो, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

दुकानात पहिली चर्चा वॅटची होते आणि तेथेच बहुतेकांची दिशा चुकते. वॅट दहापट झाले म्हणजे आवाज दहापट होत नाही; कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. याचा अर्थ असा की स्पीकर तोच असेल, तर ५० वॅटचा ॲम्प ५ वॅटच्या ॲम्पपेक्षा दुपटीनेच मोठा. उलट, गिटारसाठी बनविलेल्या बारा इंची स्पीकरला केवळ एक वॅट दिला, तरी एक मीटर अंतरावर तो ९५ डेसिबेलच्या आसपास आवाज काढू शकतो. आमच्या राजाजीनगरात तीस बाय चाळीस फुटांच्या जागांवर घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. एका घरातील कुकरची शिटी दुसऱ्या घरात मोजता येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी निवासी विभागासाठी दिवसा ५५ डेसिबेल आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातली आहे. तेव्हा मुंबईच्या चाळीत काय किंवा येथील गल्लीत काय, मोठा ॲम्प घेणारा मनुष्य त्याची शक्ती बहुधा कधीच वापरू शकत नाही. वापरलीच, तर भिंतीपलीकडे परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला आपले गीत नकोसे होते.

म्हणून माझ्या मते निवडीची खरी कसोटी एकच : अगदी हळू वाजविला असता हा ॲम्प कसा बोलतो? मोठ्या आवाजात बहुतेक सगळेच ॲम्प बरे वाटतात.

या कसोटीवर व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, ॲम्प मागे पडतात. जाणकारांना त्यांचा आवाज प्रिय असतो, आणि तो तसा आहेही. परंतु नळ्यांवर भार पडू लागला की मगच तो खुलतो, आणि भार पडणे म्हणजे आवाज मोठा होणे. लहान ॲम्प म्हणजे हलक्या दर्जाचा ॲम्प, हा समज मात्र साफ चुकीचा. फेंडर कंपनीचा 'चॅम्प' हा जेमतेम पाच वॅटचा, लहानशा स्पीकरचा ॲम्प. नवशिक्यांसाठी म्हणून तो निघाला. पण मोठमोठ्या वादकांनी ध्वनिमुद्रणाच्या वेळी तोच जवळ केला. कारण सोपे आहे. जाळीला टेकवून ठेवलेल्या मायक्रोफोनला ॲम्पचा आकार दिसत नाही.

घरासाठी आज अधिक सोयीचे ठरतात ते निरनिराळ्या ॲम्पच्या आवाजाचे आतल्या संगणकाद्वारे अनुकरण करणारे लहान ॲम्प. यामाहाची टीएचआर मालिका २०११ साली निघाली ती खास घरात, टेबलावर ठेवून वाजविण्यासाठी. बॉसचा काटाना २०१६ साली आला. त्याच्या पन्नास वॅटच्या नमुन्यात बारा इंची स्पीकर आहे आणि शक्ती अर्ध्या वॅटपर्यंत उतरविण्याचे बटणही आहे. हा चर्चच्या सभागृहातही चालेल. पहिला शयनगृहात अधिक शोभेल. दोहोंतून यूएसबी केबलने आवाज थेट संगणकात जातो, ही त्यांची मोठी सोय. मध्यरात्री हेडफोन लावून वाजवावे, ध्वनिमुद्रण व्हावे आणि शेजाऱ्यांना काही कळूही नये, हे त्यामुळे शक्य होते.

येथे कोणी विचारील, मग गिटार थेट संगणकालाच का जोडू नये? जोडता येते, पण आवाज कोरडा व टोचरा येतो. गिटारचा स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचे स्वर बहुतांशी गाळून टाकतो आणि आपल्या कानाला त्या गाळलेल्या आवाजाचीच सवय आहे. त्यामुळे ॲम्पला यूएसबी नसेल, तर निदान हेडफोनच्या छिद्रातून निघणाऱ्या आवाजात स्पीकरचे अनुकरण असावे. तेही नसेल, तर मायक्रोफोन ठेवावा. १९६५ पासून मिळणारा शुअर एसएम ५७ त्यासाठी जगभर वापरला जातो. तो स्पीकरच्या अगदी मध्याऐवजी किंचित बाजूला धरावा. मध्यावर आवाज तीक्ष्ण येतो, कडेकडे सरकावे तसा मऊ होत जातो.

'सर्व कामांना उपयोगी' या शब्दांचा अर्थ दुकानदाराच्या लेखी चाळीस प्रकारचे आवाज असा असतो. आपल्या भजनांना त्यांतले दोन-तीन पुरतात. टिळकांचे पद गाताना पेटी मधले स्वर व्यापून असते व डग्गा खालचे. गिटारनेही तीच जागा मागितली, तर शब्द बुडतात. म्हणून ज्या ॲम्पवर खालचे, मधले व वरचे स्वर स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतात, तोच घ्यावा. केवळ एक 'टोन' बटण असलेला घेऊ नये. स्वच्छ, न फाटणारा आवाज उत्तम असावा. भाषांतराच्या मेजावर आयुष्य गेल्यामुळे असेल, पण मूळ वक्त्याच्या बोलण्यात आपले अलंकार घालणारा मध्यस्थ मला वाद्यांतही रुचत नाही. घरात अकौस्टिक गिटार असेल आणि तिच्या ब्रिजखाली पिएझो पिकअप असेल, तर तिच्यासाठी वेगळी व्यवस्था ॲम्पवर आहे का, हे पाहावे. इलेक्ट्रिकसाठीच्या साध्या ॲम्पवर ती पत्र्यासारखी वाजते. काही ॲम्पमध्ये ट्यूनर असतो. तो बहुधा ४४० हर्ट्झचा 'ए' धरून चालतो. जुनी पेटी त्याला जुळेलच असे नाही, आणि पेटी तर हलत नाही. हलावे लागते गिटारलाच.

खरेदीला जाताना स्वतःची गिटार न्यावी. आवाज इतका कमी ठेवावा की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी सहज बोलता येईल. एक मोकळा कॉर्ड छेडून तो विरेपर्यंत ऐकावा. शेवटी खरखर उरते की स्वर, हे तेथेच कळते. मग काहीच न वाजविता ऐकावे. सिंगल कॉइल पिकअपची गिटार असल्यास ती हातात घेऊन जागेवरच हळूहळू वळावे. एका दिशेला गुणगुण कमी होते. ती पिकअपची खोड आहे, ॲम्पचा दोष नव्हे.

एका बाबतीत मात्र थोडेही दुर्लक्ष चालणार नाही, ती म्हणजे वीज. अमेरिकेतील नातलगाने आणलेला ॲम्प तेथील १२० व्होल्टचा असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर तो क्षणात जळतो. मागच्या पाटीवर व्होल्ट वाचल्याशिवाय प्लग लावू नये. त्याहून गंभीर गोष्ट अर्थिंगची. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग तुटलेले असेल व उपकरणात दोष निर्माण झाला, तर बोटांखालच्या तारांत वीज येऊ शकते, आणि त्याच वेळी ओठ मायक्रोफोनला लागले, तर वीज शरीरातूनच वाट काढते. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे गिटारवादक लेस्ली हार्वे सदोष अर्थिंगच्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन भर कार्यक्रमात मृत्यू पावला. २००५ साली टेक्सासमधील वेको येथे पाळक काइल लेक बाप्तिस्म्याच्या कुंडात उभे असताना मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने दगावले. जुन्या घरांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या छिद्रामागे तार असतेच असे नाही. ॲम्प घरी येण्यापूर्वी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी बसवून घ्यावा.

लॅपटॉप जोडल्यावर बारीक गुणगुण सुरू झाली, तर काही जण ॲम्पच्या प्लगची जाड पिन काढून टाकतात. असे कदापि करू नये. आधी ॲम्प व लॅपटॉप एकाच बोर्डावर लावून पाहावेत. तरीही गुणगुण राहिली, तर ध्वनिमुद्रणापुरता चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा.