मातीचे मावळे आणि वसईचा वेढा

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे दिवाळी आली की अंगणात व इमारतींच्या आवारांत मुले किल्ला करितात. दगडांवर चिखल लिंपतात, अळीव पेरितात, वर मातीचे मावळे मांडितात. सण सरला की मावळे खोक्यात जातात. आमच्या मते त्यांचे खरे काम येथूनच सुरू व्हावे.

लहान सैनिकांनी लढाई खेळण्याची चाल यूरोपात जुनी आहे. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी तर १९१३ साली अशा खेळाचे नियम पुस्तकरूपाने छापिले. हौशी लोक दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वेचे युद्धही (१८६४-७०) मेजावर मांडितात. आपणांस इतके दूर जावयास नको.

मेजावर निळे कापड पसरा. ही उल्हास नदी. कल्याणहून ठाण्याच्या उत्तरेस येते व वसईपाशी समुद्रास मिळते. ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला, तेव्हा त्याचे बांधकाम अपुरे होते. वसई मात्र मे १७३९ पर्यंत टिकली. असे का, हे पाठ करून कळत नाही, खेळून कळते. वसईस तीन बाजूंनी पाणी. हल्ला करावयाचा तो उत्तरेच्या जमिनीकडून. म्हणून चिमाजीअप्पांकडे मावळे कितीही असोत, एका डावात तटाशी चारच जातील, असा नियम आम्ही केला. सुरुंगासाठी सापशिडीचा फासा. सहा पडल्यास सुरुंग वेळेवर उडेल. एक पडल्यास उशिरा उडून आपलीच माणसे जातील. हा नियम आमच्या पदरचा नव्हे. प्रत्यक्षात तसे घडले होते.

प्रथम पोर्तुगीज होण्यास वर्गात कोणी तयार होईना, तेव्हा आम्हीच झालो. तिसऱ्या डावास निम्मे मावळे आडवे पडले आणि मघाचा गलबला थांबला.

“सर, एवढे खरेच पडले?” एकाने विचारिले.

मराठ्यांची हानी पोर्तुगीजांहून कितीतरी अधिक झाली होती; आणि आमच्या मेजावर एक मावळा म्हणजे शंभर माणसे. हे सांगितल्यावर पुढचा सुरुंग लावण्यापूर्वी त्या मुलाने बराच विचार केला.

शेवटचा नियम शरणागतीचा. पोर्तुगीजांस शस्त्रे व कुटुंबे घेऊन जाण्याची मुभा मिळाली होती. म्हणून त्यांची उरलेली चित्रे पाडावयाची नाहीत. एकेक उचलून दरवाजातून बाहेर न्यावयाची, आणि ती जिंकलेल्या बाजूच्या मुलांनीच.