बॅनरवरची वेलांटी

इंदापूरला शाळेच्या मुलांसाठी लिनक्सचं शिबिर घ्यायचं ठरलं, तेव्हा बॅनर माझ्याकडे आला. वाटलं, सगळ्यात सोपं काम! पेंग्विनचं चित्र वेबसाइटवरून सेव्ह केलं, बारामतीत फ्लेक्स छापला आणि एस.टी.ने नेला. तिथे उलगडला तर पेंग्विन धुरकट, आणि खाली हातभर अक्षरांत ‘लनिक्स शबिरि’! मी कॉन्व्हेंटची, मला चूक दिसलीसुद्धा नाही. शाळेतल्या शिपाईमामांनी विचारलं, "ताई, हे कुठल्या भाषेत आहे?" मुलांना मराठीतून कॉम्प्युटर शिकवायला निघालो होतो आम्ही!

मग शोधलं, हे झालं कसं? युनिकोडमध्ये ‘लि’ साठवताना आधी ‘ल’ आणि मग वेलांटी असते. वेलांटी डावीकडे नेऊन दाखवणं हे सॉफ्टवेअरचं काम. ज्याला ते जमत नाही, तिथे वेलांटी पुढच्या अक्षराच्या गळ्यात पडते.

आणि ही चूक फक्त आपलीच नाही बरं का! विकिपीडियाच्या २००३ च्या गोल लोगोवर एका तुकड्यावर देवनागरी ‘वि’ आहे. त्याची वेलांटीही चुकली होती. जगभर लाखो लोक ती रोज बघत होते, तरी दुरुस्त लोगो आला थेट २०१० मध्ये. त्या वेळी गोलाचं नवं त्रिमितीय मॉडेल बनवावं लागलं. म्हणजे चूक सापडणं वेगळं आणि सुधारता येणं वेगळं.

यातून शिकलेल्या चार गोष्टी:

१) मूळ फाइल जपा. लोगो इंकस्केपमध्ये एसव्हीजी म्हणून ठेवा, पीएनजी त्यातूनच काढा. ३०० पिक्सेलचा लोगो बॅनरवर २ फूट रुंद केला, तर इंचाला जेमतेम साडेबारा ठिपके मिळतात. धुरकट नाही दिसणार तर काय!

२) छापायला देताना अक्षरांचं पाथमध्ये रूपांतर करा, म्हणजे दुकानातल्या कॉम्प्युटरवर आपला फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. पण अक्षरं असलेली प्रत वेगळी ठेवा, नाहीतर उद्या तारीखसुद्धा बदलता येणार नाही.

३) परवानगी वाचा. कोड खुला म्हणजे लोगोही खुला, असं नसतं. लोगोच्या हक्कांवरून वाद झाला आणि २००६ मध्ये डेबियनने फायरफॉक्सचं नाव आपल्याकडे ‘आइसवीझल’ केलं. जुनं नाव परत यायला २०१६ उजाडलं. उलट, लॅरी इविंगने १९९६ मध्ये काढलेला आपला पेंग्विन, म्हणजे टक्स, कुणीही वापरावा, बदलावा. अट एकच, कुणी विचारलं तर त्याचं आणि गिम्पचं नाव सांगायचं.

४) सगळ्या फाइल्स गिटमध्ये, एकाच फोल्डरात ठेवा. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरंच फायनल’ अशी नावं नकोत. पुढच्या वर्षीच्या ज्युनिअरला कुठली छापायची ते कळलं पाहिजे.

आणि हो, छापण्याआधी एक कागदी प्रिंट काढून अशा माणसाला दाखवा, ज्याला कॉम्प्युटर नाही पण मराठी येतं. आमच्याकडे आता ते काम मेसच्या मावशींकडे आहे. परवाच त्यांनी एक उकार पकडला!