सोनचाफ्याची लागवड आणि फुलांचा बहर

दार्जिलिंग व सिक्कीमच्या डोंगरांत वसंताच्या तोंडी एक उंच वृक्ष पानावाचून फुलतो. त्याची मोठी गुलाबी फुले उघड्या फांद्यांवर येतात. वनस्पतिशास्त्रात त्याचे कूळ मॅग्नोलिया. आपला सोनचाफा त्याचाच सदाहरित भाऊबंद होय. पूर्वी त्यास मिचेलिया चंपका म्हणत. आता तोही मॅग्नोलियातच गणला जातो.

नाते जवळचे असले तरी दोघांच्या बहरात मोठा भेद आहे व बागायतदाराने तो नीट समजून घ्यावा. डोंगरी मॅग्नोलियाची फूलकळी आदल्या उन्हाळ्यातच फांदीच्या टोकास तयार होते आणि लवदार आवरणात हिवाळाभर निजून राहते. हिवाळ्यात टोके छाटली तर त्या वर्षाची फुलेच गेली. सोनचाफ्याची कळी मात्र पानाच्या बेचक्यात, नव्या फुटीवर येते. म्हणून थंडी सरताना हलकी छाटणी केली असता फुले घटत नाहीत, उलट वाढतात. तथापि सर्व झाडे एकाच वेळी छाटू नयेत. काही ओळी आधी व काही मागाहून छाटल्यास फुले एकदम न येता पुरवून मिळतात. श्रावणापासून दिवाळीपर्यंत मागणी अधिक असल्याने हे धोरण फायद्याचे ठरते.

लागवडीपूर्वी रोप कलमी आहे की बियांचे, हे अवश्य पाहावे. बियांचे झाड फुलावर येण्यास कित्येक वर्षे घेते. चांगले कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच फुलू लागते. चूक झाली तर पैसा परत मिळवता येईल, पण गेलेली वर्षे मिळत नाहीत. गावपातळीवरील कार्यकर्त्याने खरेदीच्या वेळी स्वतः खोडावरील सांधा शेतकऱ्यास दाखवावा. सांध्याखालून येणारी फूट वेळोवेळी काढून टाकावी.

पाणी साचणारी जमीन या झाडास मुळीच मानवत नाही. 60 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन ते कुजलेले शेणखत व मातीने भरावेत. दोन झाडांत 3 मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे 1,100 कलमे बसतात. मुळे मांसल व नाजूक असतात. पिशवी काढताना मातीचा गड्डा फुटू देऊ नये. शेंडे खुडून झाड हाताशी ठेवावे. शिडी लावून तोडणी करणे परवडत नाही.

पानांवर हिरव्या अळ्या दिसल्यास त्या बहुधा फुलपाखराच्या असतात. थोड्या असतील तर हातांनी वेचाव्यात, फवारणीची घाई करू नये.

तोडणी पहाटेच करावी. अर्धवट उमललेले फूल देठासह खुडावे. पाकळ्यांना बोट लागले की त्या काळवंडतात आणि पूर्ण उमललेले फूल वाटेतच गळते. वसई पट्ट्यातील बागायतदार फुले सकाळीच दादरच्या बाजारी पोहोचवतात, ते यामुळेच. बाजार दूर असेल तर प्रथम दोन-चार गुंठ्यांत लावून पाहावे. पहाटेची गाडी व भरवशाचा घेणारा मिळाल्यावर क्षेत्र वाढवावे.