दस्तऐवजांची सांधणी : दुवा कसा द्यावा व कसा टिकवावा

वार्षिक नियोजन, घटक नियोजन, पाठटाचणे, मूल्यमापनाच्या नोंदी आणि सभांची इतिवृत्ते हे प्राथमिक शिक्षकाचे नित्याचे लेखन होय. हे लेखन संगणकावर करून क्लाउडमध्ये, म्हणजे दूर ठेवलेल्या सेवासंगणकावर, साठविण्याची पद्धत आता खेड्यातील शाळांतही रुळली आहे. परंतु कपाट भरलेले असणे निराळे आणि हवा तो कागद वेळेवर हाती लागणे निराळे. त्यासाठी दस्तऐवज एकमेकांस जोडणे आवश्यक असते. ही जोडणी म्हणजेच दुवा, प्रचलित शब्दात लिंक. दुवा कसा द्यावा, तो का तुटतो व कसा टिकवावा, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. दुव्याचे स्वरूप

एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे नेणाऱ्या अशा लेखनास ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव टेड नेल्सन यांनी १९६५ साली दिले. पुढे १९८९ साली सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी याच कल्पनेवर जागतिक जाळ्याची, म्हणजे वेबची, योजना मांडली. आज शाळेच्या दस्तऐवजात दिला जाणारा दुवा याच परंपरेतील आहे.

दुवा दोन प्रकारचा असतो. पहिला मार्गदर्शी : अमक्या संगणकावर, अमक्या फोल्डरमध्ये, अमक्या नावाची फाइल. दुसरा क्रमांकदर्शी : फाइल कोठेही असो, तिला मिळालेल्या कायम ओळख-क्रमांकावरून तिला शोधणारा.

हा भेद शिक्षकांस सहज उमगण्याजोगा आहे. ‘दुसऱ्या ओळीतील तिसऱ्या बाकावरचा मुलगा’ अशी ओळख दिली, तर बाक बदलताच ती निरुपयोगी होते. जनरल रजिस्टरमधील क्रमांक मात्र मुलगा दुसरीतून तिसरीत गेला तरी बदलत नाही. संगणकाच्या डिस्कवरील फाइलचा दुवा हा बाकासारखा आहे. शिक्षकांच्या संगणकावरून दिलेला असा दुवा मुख्याध्यापकांच्या संगणकावर उघडत नाही. उलट गुगल ड्राइव्हवरील दस्तऐवजाच्या पत्त्यात त्याचा ओळख-क्रमांकच अंतर्भूत असतो. म्हणून तेथे फाइलचे नाव किंवा फोल्डर बदलले तरी दुवा शाबूत राहतो.

२. दुवा देण्याची रीत

(अ) ज्या दस्तऐवजाकडे जावयाचे, तो उघडून त्याचा पत्ता उतरून घ्यावा.
(आ) मूळ दस्तऐवजातील योग्य शब्द निवडून कंट्रोल व के या कळा एकत्र दाबाव्यात. वर्ड व गुगल डॉक्स या दोहोंतही हीच रीत चालते.
(इ) पुढे येणाऱ्या चौकटीत पत्ता ठेवून मान्यता द्यावी.

‘येथे पाहा’ अशा मोघम शब्दांवर दुवा देऊ नये. ‘इयत्ता तिसरी, गणित, घटक नियोजन’ असे अर्थपूर्ण शब्द निवडावेत. वर्डची फाइल वन-ड्राइव्हवर असल्यास संगणकावरील मार्ग न देता त्या सेवेतील ‘कॉपी लिंक’ या सोयीने मिळणारा पत्ता द्यावा.

३. दुवा फसतो तेव्हा

पहिले कारण नक्कल. जून महिन्यात गतवर्षीच्या नियोजनाच्या व अनुक्रमणिकेच्या प्रती काढून नव्या वर्षाचे काम आरंभिले जाते. प्रत्येक प्रतीस नवा क्रमांक मिळतो. परंतु नव्या अनुक्रमणिकेतील दुवे जुन्याच दस्तऐवजांकडे बोट दाखवीत राहतात. परिणामी शिक्षक नव्या वर्षाच्या नोंदी नकळत जुन्या वर्षाच्या कागदात करू लागतात. ही चूक विशेष घातक आहे, कारण दुवा उघडतो व सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. म्हणून प्रती काढल्यावर प्रत्येक दुवा नव्याने द्यावा. तसेच सुधारलेली फाइल चढविताना जुनी काढून टाकू नये. त्याच फाइलची नवी आवृत्ती म्हणून ती चढवावी, म्हणजे क्रमांक तोच राहतो.

दुसरे कारण परवानगी. दुवा हा केवळ पत्ता आहे, कुलपाची किल्ली नव्हे. वाचणे, अभिप्राय देणे व संपादन करणे हे अधिकार स्वतंत्रपणे द्यावे लागतात. अडचण टाळण्यासाठी कित्येकदा ‘दुवा असणाऱ्या कोणासही’ प्रवेश दिला जातो. पाठटाचणास ते चालेल. पण मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक किंवा बँकेचे तपशील असलेल्या यादीस ते मुळीच चालणार नाही. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानले आहे, म्हणजे शाळेतील प्रत्येक मूल त्यात आले. अशा याद्या नाव घेऊन निवडक व्यक्तींसच खुल्या कराव्यात.

तिसरे कारण मालकी. दस्तऐवज शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यात असतील, तर बदलीनंतर ते खात्याबरोबर जातात. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ साली जाहीर केले आहे. खाते गेले की त्यातील दस्तऐवज गेले, आणि शाळेच्या अनुक्रमणिकेतील दुवे पोकळ झाले. म्हणून शाळेचे स्वतंत्र खाते असावे आणि बदलीच्या वेळी दप्तराच्या कार्यभाराबरोबर फाइलींची मालकीही सोपवावी. नव्या मालकाने ती स्वीकारल्याची खात्री करून घ्यावी.

४. स्वाध्याय

(१) शाळेच्या सर्व दस्तऐवजांची एकच अनुक्रमणिका तयार करून तीत प्रत्येकाचा दुवा द्यावा.
(२) ती सहशिक्षकांच्या भ्रमणध्वनीवर त्यांच्या खात्यातून उघडून पाहावी. स्वतःच्या खात्यात दुवा उघडणे हा पुरावा नव्हे.
(३) एका फाइलचे नाव बदलून दुवा टिकतो का, व तिची प्रत काढून दुवा कोठे जातो, हे पडताळावे.
(४) प्रत्येक सत्राच्या आरंभी सर्व दुवे तपासून त्या तपासणीची तारीख अनुक्रमणिकेच्या शिरोभागी लिहावी.

नव्या शिक्षकास पहिल्याच दिवशी मागील शिक्षकाचे काम सापडले, तर मुलांचा अभ्यास खंडित होत नाही. दुव्यांची ही सर्व उठाठेव अखेर त्यासाठीच आहे.